दवाखान्याबाहेरचा इलाज

पारलिंगी माणसांच्या वैद्यकीय उपचारांवर मराठीत जे लिहिलं जातं, त्यात कळवळा भरपूर असतो आणि औषधाचं नाव क्वचितच. विरोधात बोलणारेही तितकेच मोघम. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात मात्र या प्रश्नाला अगदी ठोस रूप आहे. यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर याच जिल्ह्यात, देवीला वाहिलेल्या जोगत्यांची परंपरा इथली, निपाणीहून महामार्गानं 40-45 किलोमीटर गेलं की दुसऱ्या राज्यातलं कोल्हापूर, आणि बेळगाव, कोल्हापूर, मिरज ही वैद्यकीय महाविद्यालयांची तीन शहरं सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर. म्हणून या प्रश्नावर दोन शहाण्या माणसांना समोरासमोर बसवलं आहे. जुन्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी आणि पुऱ्या ताकदीनं मांडायची रीत होती, ती इथे पाळली आहे. दोघंही कल्पित आहेत. एक निपाणीतले डॉक्टर: विड्या वळणाऱ्या बायकांचा खोकला आणि तंबाखूच्या वखारीतल्या हमालांची कंबर तपासण्यात त्यांची हयात गेली. दुसरी बेळगावच्या कोर्टात वकिली करणारी त्यांच्या मित्राची मुलगी. ती त्यांना काका म्हणते.

डॉक्टर : बघ पोरी, मी काही या लोकांचा वैरी नव्हे. जोगता दारात आला तर आपल्या भागात त्याला कुणी रिकाम्या परडीनं पाठवत नाही. बाईच्या मनाचा पुरुष ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाहीच की. तो लुगडं नेसतो, हिरवा चुडा भरतो, डोक्यावर देवीचा जग घेऊन गावोगाव फिरतो, कपाळाला भंडारा लावतो, आणि गावचे पाटील त्याच्या पाया पडतात. रांडाव पुनवेला नाहीतर अहेव पुनवेला डोंगरावर जाऊन बघ. या माणसाला देवीनं जागा दिली आणि गावानंही दिली. त्याला कुणी इंजेक्शन टोचलं नाही की सुरी लावली नाही. उलट यल्लम्माच्या जोगत्यानं अंगाला शस्त्र लावून घ्यायचं नाही, अशीच रीत. मग हे हार्मोनचं आणि ऑपरेशनचं खूळ कुणाच्या गरजेचं? ज्याची समाजात सोय होती ते आता दवाखान्यात आणायचं, आणि निरोगी अवयवावर आम्ही हात चालवायचा? आमच्या धंद्याचा पहिला नेम अपाय न करण्याचा आहे.

वकील : रीतीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, काका. जोगत्यांच्या परंपरेत निर्वाणाला, म्हणजे लिंगच्छेदाला, जागा नव्हती. पण त्याच मुलखात हिजड्यांची घराणी होती आणि तिथे निर्वाणाइतकं मोठं काहीच नव्हतं. बहुचरा मातेचं नाव घेऊन, भूल न देता, दाईच्या हातून ते होत असे. इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात या लोकांची वेगळी नोंदवही उघडली, ती काही हार्मोनची खबर युरोपातून आली म्हणून नव्हे. तेव्हा ही गरज शहरातून आलेली नाही, शहरातून आली ती भूल आणि टाके. दुसरं, जोगत्याला मिळालेली जागा फुकटची नाही. देवीला वाहिलेलं असेपर्यंत पाया पडतात, पण तोच माणूस नोकरी मागायला किंवा भाड्याची खोली बघायला गेला की दार लागतं. राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' लिहिलं ते याच मुलखावर, आणि त्या लेखनाचा आधार घेतलेला 'जोगवा' 2009 मध्ये घरोघरी पाहिला गेला. केसात जट झाली म्हणून ज्याला देवीला वाहिलं, त्याला कुणी विचारलं होतं का? मंजम्मा जोगतींना पद्मश्री मिळाली, त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या, याचा मला अभिमान आहे. पण एका मंजम्मांच्या मागे कितीतरी जण परडी घेऊन उन्हात फिरतात, त्यांनी ती परडी निवडली असं म्हणणं सोपं पडतं, इतकंच.

डॉक्टरांच्या म्हणण्यातला एक धागा मात्र सोडून देण्यासारखा नाही, आणि वकीलबाईंनी तो जरा घाईनं ओलांडला. शरीर न बदलता जगणारी पारलिंगी माणसं असतात आणि या पट्ट्यात त्यांना शतकांची परंपरा आहे. म्हणजे पारलिंगी असणं आणि उपचार हवे असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. 15 एप्रिल 2014 च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच म्हटलं: लिंगओळख ज्याची त्यानं सांगायची, तिच्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. पुढे 2019 चा कायदा आला तो मात्र मूळ रूपात दुतोंडी होता. पारलिंगी म्हणून प्रमाणपत्र हवं असेल तर जिल्हाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्र पुरे होतं, पण कागदावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' असं हवं असेल तर शस्त्रक्रिया झाल्याचा रुग्णालयाचा दाखला आणावा लागे. ज्याला सुरी नको, पण आधारवर आणि रेशनकार्डावर बाई म्हणून नाव हवं आहे, त्याला हा कायदाच सुरीकडे ढकलत होता. डॉक्टरांनी राग धरायचाच तर इथे धरावा. माणूस समोर बसवून त्याला नक्की काय हवं आणि काय नको हे विचारणारं कुणीतरी असावं, ही मागणी जोगत्यांच्या परंपरेतूनच निघते. आणि ते विचारण्याची जागा दवाखाना सोडून दुसरी कुठली?

डॉक्टर : बरं, गरज खरी आहे असं धरू. पण पुरावा? इंग्लंडात डॉक्टर हिलरी कॅस यांनी एप्रिल 2024 मध्ये मोठा अहवाल दिला. पौगंडावस्था थोपवणाऱ्या औषधांमागचा पुरावा कच्चा आहे असं त्यांनी साफ लिहिलं. जे देश यात पुढं होते तेच मागं फिरूलेत, आणि आपण निपाणीत पुढं धावायचं? केरळातल्या अनन्या कुमारी अलेक्सची गोष्ट तुला ठाऊक असेलच. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर वेदना, धड उभं राहता येत नाही, हे ती स्वतः माध्यमांपुढे सांगत होती, आणि जुलै 2021 मध्ये गेली बिचारी. शिकलेली, नावाजलेली पोर, मोठ्या शहरात उपचार घेतलेली. तिची ही गत, तर आपल्या चिकोडी-निपाणीतल्या पोराचं काय होईल?

वकील : कॅस अहवाल मुलांबद्दल आणि किशोरवयीनांबद्दल आहे, काका. मी अठरा वर्षांवरच्यांबद्दल बोलतेय. मुलांच्या बाबतीत सबुरी हवी हे मला मान्य आहे, त्यावर आपलं भांडणच नाही. मोठ्यांबद्दल बोलायचं तर 2021 मध्ये 27 अभ्यासांमधल्या 7,928 शस्त्रक्रिया झालेल्या माणसांचा एकत्र हिशेब मांडला गेला. पश्चात्ताप झाल्याचं सांगणारे सुमारे 1 टक्का निघाले. त्या आकड्यावर आक्षेप आहेत हेही सांगते: बरीच माणसं पुढच्या तपासणीला आलीच नाहीत, आणि अभ्यास एकसारखे नव्हते. तो आकडा दुप्पट धरा, पाचपट धरा, तरी गुडघ्याच्या नाहीतर पाठीच्या कितीतरी ऑपरेशनांना तो लाज आणेल. अनन्याबद्दल तुम्ही म्हणता ते माझ्याच बाजूचं आहे. तिची तक्रार शस्त्रक्रिया केली ही नव्हती, ती नीट झाली नाही आणि नंतर कुणी ऐकेना, ही होती. वाईट बाळंतपणं होतात म्हणून आपण बाळंतपणाचा वॉर्ड बंद करतो का?

वकीलबाईंचा शेवटचा प्रश्न टाळ्या घेणारा आहे आणि म्हणूनच त्यावर थांबता येत नाही. डॉक्टरांच्या मनात खरं भय आहे ते घाईचं. उपचार दिला तर चुकेल, न दिला तर निदान आपल्या हातून काही वाईट होणार नाही, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: डॉक्टरनं नाही म्हटलं की उपचार थांबतो. तो थांबतो का, हे पाहायला अहवाल चाळण्याची गरज नाही, कुठल्याही औषधाच्या दुकानाच्या काउंटरपर्यंत गेलं तरी पुरे.

माला-डीचं पाकीट आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आत 28 गोळ्या असतात, त्यातल्या 21 संप्रेरकाच्या आणि 7 लोहाच्या. संप्रेरकाच्या प्रत्येक गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल 0.03 मिलिग्रॅम. ही बाईनं पाळणा लांबवण्यासाठी घ्यायची गोळी. देशभरात असंख्य पारलिंगी स्त्रिया हीच किंवा हिच्या जातीची गोळी छाती भरावी, त्वचा मऊ व्हावी म्हणून घेतात. सल्ला देते ती गुरूबहीण. एका गोळीनं फरक दिसत नाही म्हणून दोन, मग तीन. आता यात काय काय चुकतं ते पाहू. इथिनिल इस्ट्राडिओलनं रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि गोळ्या वाढतील तसा तो वाढतो. पस्तिशी ओलांडली असेल, विडी-सिगारेट असेल तर आणखी. पायाच्या पोटरीत सुरू झालेली गुठळी फुप्फुसात गेली की माणूस दगावू शकतो. म्हणूनच पारलिंगी स्त्रियांच्या उपचारात हे औषध आज कोणताही जाणता डॉक्टर लिहीत नाही. तो साधं इस्ट्राडिओल लिहितो, जे पाळी गेलेल्या बायकांना आपल्याकडे वर्षानुवर्षं दिलं जातं. शिवाय नुसत्या स्त्रीसंप्रेरकानं काम भागत नाही, पुरुषसंप्रेरक दाबावं लागतं. त्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन वापरतात. हे तेच अल्डॅक्टोन, जे जलोदराच्या नाहीतर थकलेल्या हृदयाच्या रोग्याला निपाणीतले डॉक्टर कित्येक वर्षं लिहून देत आले आहेत. त्यानं पोटॅशियम वाढतं, म्हणून रक्त तपासायचं, हेही ते जाणतात. दुसरं औषध सायप्रोटेरोन. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून मात्रा अगदी कमी ठेवायची. म्हणजे ज्या ज्ञानाअभावी आपण हात लावत नाही असं डॉक्टर म्हणतात, त्याचा मोठा भाग त्यांच्याच प्रिस्क्रिप्शनच्या वहीत पडलेला आहे.

डॉक्टर : हे बाकी खरं. पण मग दुकानदाराला आवरा की. चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नाही, असा बडगा उगारा.

वकील : गर्भनिरोधक गोळी सरकार स्वतः वाटतं, काका, आशाताईंच्या पिशवीत ती असते. ती आवळली तर पहिला फटका चार लेकरं झालेल्या बाईला बसेल. आणि निपाणीतलं दुकान आवरलंत तर कोल्हापूरचं आहेच. तिथे राज्य वेगळं, औषध निरीक्षक वेगळा.

डॉक्टर : पण सरकारी दवाखान्याची हालत तू जाणतेस. बेळगावच्या बीम्समध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, सकाळी जाऊन उभी राहा. सर्पदंश, अपघात, जोखमीची बाळंतपणं, क्षयाचे रोगी. चिकोडी, रायबाग, खानापूर, सगळीकडनं तिथंच येतात. अशा ठिकाणी मूठभर लोकांसाठी वेगळं दुकान मांडायचं? आधी जीव वाचवायचे की आधी हे?

मूठभर हा शब्द तपासून पाहू. 2011 च्या जनगणनेत पुरुष-स्त्री यांखेरीज 'इतर' अशी नोंद देशात 4,87,803 जणांची झाली, त्यात महाराष्ट्रातले 40,891 आणि कर्नाटकातले 20,266. घरी आलेल्या गणकापुढे, सासू-सासऱ्यांच्या समोर, आपण 'इतर' आहोत असं किती जण सांगतील? त्यामुळे हा आकडा तळाचा मानायचा. तरीही डॉक्टरांचा मुद्दा उरतोच: सर्पदंशापुढे संख्या लहान आहे. पण वेगळं दुकान मांडा असं इथे कुणी म्हणतच नाही. औषधं तीच, प्रयोगशाळा तीच. लागतं ते काय? मेडिसिन विभागातला एक डॉक्टर, मानसोपचार विभागातला एक, आठवड्यातले ठरलेले दोन तास, दर तीन महिन्यांनी काही ठरावीक रक्ततपासण्या. आणि एक बिनपैशाची गोष्ट: केसपेपरवरचं नाव. सगळ्यात जास्त माणसं याच जागी परत फिरतात. केसपेपर आधारकार्डावरून निघतो, आधारवर आईबापांनी ठेवलेलं पुरुषाचं नाव. शिपाई दारातून ते नाव मोठ्यानं पुकारतो. बाकावरून लुगडं नेसलेलं माणूस उठतं, आणि पन्नास डोकी एकदम वळतात. भरती व्हायची वेळ आली तर पुरुषांच्या वॉर्डात की बायकांच्या, यावर नर्स आणि वॉर्डबॉय यांची हुज्जत चालते, तीही रोग्याच्या उशाशी. या दृश्याचं कारण निधीची टंचाई नाही. नाव हळू विचारायला आणि आडनावानं किंवा नंबरानं पुकारायला सरकारी खजिन्यातून काही जात नाही.

वकील : आणि काका, जीव वाचवण्याच्या कामात ही माणसं नाहीत असं कुठंय? एचआयव्हीची साथ आठवा. बेळगाव जिल्हा तेव्हा देशातल्या सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत होता. त्या वेळीही हेच ऐकू यायचं: मूठभर लोक, त्यांच्या कर्माचं फळ, दवाखान्यात इतरांना जागा नाही. सांगलीत 1992 मध्ये 'संग्राम' ही संस्था उभी राहिली, 1996 मध्ये 'वॅम्प' ही संघटना, आणि शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनी स्वतःच कंडोम वाटायचं काम अंगावर घेतलं. त्यांच्याच बरोबरीनं 'मुस्कान' पुरुष आणि पारलिंगी लोकांमध्ये काम करू लागली. एप्रिल 2004 पासून सरकारनं एचआयव्हीवरची एआरटी औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. आज जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्राबद्दल कुणी भुवई उंचावत नाही.

एचआयव्हीचा दाखला वकीलबाईंनी बरोबर दिला, पण त्यात एक आणखी कडवट गोष्ट दडलेली आहे. पारलिंगी माणसाला सरकारी आरोग्यव्यवस्थेचं जे एकमेव दार उघडं मिळालं ते एचआयव्हीचं. 2017 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हिजडा-पारलिंगींमध्ये लागणीचं प्रमाण 3.14 टक्के होतं, देशातल्या एकूण प्रौढांमध्ये 0.22 टक्के. तेव्हा ते दार उघडणं गरजेचंच होतं. पण त्या दारातून माणूस आत येतो तो विषाणूचा संभाव्य वाहक म्हणून. ठरलेल्या मुदतीनं रक्त घ्यायचं, एचआयव्ही आणि गुप्तरोग पाहायचे, कंडोमचं पाकीट द्यायचं. त्याच सुईनं काढलेल्या रक्तात यकृताची, साखरेची, पोटॅशियमची तपासणी होऊ शकते, पण तो कार्यक्रम निराळ्या खात्याचा. त्या माणसाच्या रक्तातल्या एका गोष्टीची सरकारला सतत काळजी आहे आणि त्याच रक्तात फिरणाऱ्या गोळ्यांची मुळीच नाही. शिवाय हे दार फक्त पुरुष म्हणून जन्मलेल्यांसाठी. मुलगी म्हणून जन्मलेला, मनानं पुरुष असलेला माणूस या सगळ्या यादीत नसतो. त्याला ना घराणं, ना गुरू, ना परडी. खेड्यात त्याचं लग्न लावून दिलं जातं, आणि टेस्टोस्टेरॉन त्याला कधी मिळालंच तर बहुधा तालमीतल्या शरीर कमावणाऱ्यांच्या ओळखीनं, रक्त दाट होतंय का हे न पाहता.

सीमेचा प्रश्न इथे येतोच. 2020 च्या नियमांप्रमाणे ज्या जिल्ह्यात 12 महिने सलग राहणं झालं आहे तिथल्याच जिल्हाधिकाऱ्याकडे प्रमाणपत्र मागायचं. निपाणीत जन्मलेला, घरच्यांनी हाकललेला, मिरजेच्या गुरूकडे चार महिने, मग पुण्याला सिग्नलवर, यात्रेला सौंदत्तीला, असं ज्याचं वर्ष जातं तो कुठला रहिवासी? ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रानं 'आयुष्मान भारत टीजी प्लस' योजना जाहीर केली: वर्षाला 5 लाखांचं विमाछत्र, हार्मोन आणि शस्त्रक्रियाही त्यात. पण तिची किल्ली म्हणजे तेच प्रमाणपत्र. 2023 मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकानं कडाडून हरकत घेतली. दोन सरकारं एका रोग्यावर हक्क सांगत होती असं वाटावं, पण हा रोगी कुणालाच नको असतो. आणि बेळगावच्या दवाखान्यात मराठी माणसाचं काय होतं ते निराळं सांगायला नको: कागद कन्नडमध्ये, सल्ला इंग्रजीत, दुखणं मराठीत. आपल्या शरीराबद्दलची इतकी नाजूक गोष्ट परक्या भाषेत सांगायची, आणि न वाचता येणाऱ्या संमतिपत्रावर सही करायची. इथे कर्नाटकाच्या बाजूनं एक सांगायला हवं, सीमाभागातल्या मराठी वाचकाला ते आवडो न आवडो: पारलिंगींसाठी सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का राखीव जागा ठेवणारं देशातलं पहिलं राज्य कर्नाटक, 2021 मध्ये. या बाबतीत महाराष्ट्राकडे पाहून उसासे टाकण्यात अर्थ नाही.

डॉक्टर : आणि पोलीस आले तर? भारतीय दंड संहितेत गंभीर दुखापतींच्या यादीत पहिलंच नाव होतं पुरुषत्व नष्ट करण्याचं. 320 कलम.

वकील : त्याच संहितेत 88 वं कलमही होतं, काका: संमतीनं, भल्यासाठी, सद्भावनेनं केलेलं कृत्य गुन्हा नव्हे. नव्या न्याय संहितेतही ती तरतूद आहे. शिवाय 2019 च्या कायद्याच्या 15 व्या कलमात हार्मोन, शस्त्रक्रिया, आधीचं-नंतरचं समुपदेशन हे सगळं सरकारनं पुरवावं असं लिहिलं आहे. कायद्याची बाकीची कलमं पुढे-मागे होतील, पण ज्या कामासाठी संसदेनं सरकारला सांगितलं, त्यासाठी तुम्हाला बेड्या पडणार नाहीत. 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांची शस्त्रक्रिया झाली. रजेसाठी त्यांना उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागला, पण ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांवर कुणी खटला भरला नाही.

डॉक्टर : शस्त्रक्रिया बेळगावात व्हावी असं मला काही केल्या पटत नाही. वर्षातनं दोन-तीन केसेस करणाऱ्या हाताला हे काम देऊ नये. मूत्रमार्ग आवळला, जखम चिघळली तर तो माणूस जन्माचा अडकला.

इथे डॉक्टर पूर्ण बरोबर आहेत आणि वकीलबाईंनी हे मान्य करावं. ही शस्त्रक्रिया जिथे वारंवार होते तिथेच व्हावी. तमिळनाडूनं 2008 मध्ये पारलिंगींसाठी कल्याण मंडळ काढलं आणि चेन्नईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत ती मोफत सुरू केली, तालुक्या-तालुक्यात नव्हे. पण डॉक्टरांचं भय शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचं आहे, आणि ते दिवस माणूस चेन्नईत किंवा मुंबईत काढत नाही. टाके ओले असतानाच तो एसटीनं नाहीतर रेल्वेनं गावी येतो. लघवी अडली, ताप भरला की जवळच्या डॉक्टरकडे जातो, आणि तो डॉक्टर म्हणतो, जिथे केलंत तिथे जा. दाईच्या हातचं निर्वाण भयंकर होतं, त्यात माणसं मरत. पण त्या रीतीत एक शहाणपण होतं, जे आपल्या रुग्णालयांत नाही: निर्वाणानंतर 40 दिवस त्या व्यक्तीला घराबाहेर पडू द्यायचं नाही, तिचं खाणंपिणं, गरम पाणी, जखम, सगळं घराण्यानं बघायचं, आणि चाळिसाव्या दिवशी हळद लावून, नटवून तिला पुन्हा माणसांत आणायचं. त्या 40 दिवसांची जबाबदारी बेळगावनं आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयानं घ्यावी. मूत्रविकाराचा तज्ज्ञ, ड्रेसिंग करणारी नर्स आणि रात्री-अपरात्री दाखल करून घेणारा कॅज्युअल्टीतला डॉक्टर, यात बेळगावला नवं असं काही नाही.

डॉक्टर : मग एखाद्या संस्थेनं करावं हे. त्यांना सवय असते, माणसंही जवळची.

वकील : पुण्यात होतं की असं. 'मित्र क्लिनिक'. 2021 मध्ये हैदराबाद, मग कल्याण आणि पुणे. पारलिंगी माणसंच तिथं काम करायची, हार्मोनचा सल्ला, समुपदेशन, तपासण्या एका छताखाली. आपल्याला सगळ्यात जवळचं ते पुण्याचं. पैसा अमेरिकन सरकारचा. जानेवारी 2025 मध्ये तिकडं मदत गोठवली आणि इकडं तिन्ही दवाखान्यांची दारं बंद झाली. चालू उपचाराचे लोक एका आठवड्यात पुन्हा औषधाच्या दुकानासमोर.

डॉक्टर बराच वेळ गप्प राहिले असते असं लिहिणं सोयीचं झालं असतं, पण त्यांच्याकडे अजून एक मुद्दा उरतो आणि तो खरा आहे: त्यांना हे कुणी शिकवलंच नाही. त्यांच्या पिढीच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ही माणसं विकृतीच्या प्रकरणात भेटत. मद्रास उच्च न्यायालयानं 2021 मध्ये कान उपटल्यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगानं पुस्तकं सुधारायला सांगितली, 2022 मध्ये 'मन वळवण्याचे' तथाकथित उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला, आणि तरी ऑगस्ट 2024 मध्ये त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात जुन्या कल्पना परत आल्या. ओरड झाल्यावर काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेनं लिंगओळखीची विसंगती मनोविकारांच्या यादीतून काढली, तो बदल जानेवारी 2022 पासून लागू आहे. दिल्लीचा अभ्यासक्रम असा मागे-पुढे होत असताना निपाणीच्या डॉक्टरला दोष देणं अन्याय होईल. मात्र ज्यानं एचआयव्हीचं औषध वयाच्या पन्नाशीत शिकून घेतलं त्याला इस्ट्राडिओलची मात्रा शिकणं जड जाणार नाही.

दोन्ही बाजू मांडून झाल्यावर माझा कौल सांगतो. डॉक्टरांच्या तीन गोष्टी मान्य: मुलांच्या बाबतीत घाई नको, शस्त्रक्रिया सवयीच्या हातीच हवी, आणि पुरावा गोळा करत राहायला हवं. पण या तिन्हींना आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे तो माणूस कुणाच्या तरी नोंदवहीत असणं. जो आलाच नाही त्याला थांब म्हणता येत नाही, त्याची गुठळी वेळेवर सापडत नाही, त्याच्या पश्चात्तापाचीही नोंद होत नाही. सावधगिरी हवी असेल तर डॉक्टरांनीच दार उघडायला हवं. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आठवड्याला दोन तास नियमित चालणारी ओपीडी, मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिलेलं संमतिपत्र, एआरटी केंद्रात येणाऱ्या प्रत्येक पारलिंगी व्यक्तीला 'कुठल्या गोळ्या घेता?' हा एक जादा प्रश्न, आणि निपाणी-चिकोडीतल्या खासगी डॉक्टरांसाठी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखांनी भरवलेलं एका दिवसाचं शिबिर. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेल्या सीमेच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबावंही लागत नाही. बीम्सच्या संचालकांच्या सहीचं एक परिपत्रक पुरे.